मधलं बोट

सुट्टीच्या दिवशी दुपारी लाईट आली तेव्हा हिरा भिंतीला टेकून डुलक्या खात होती. पंखा कुरकुरला तशी ती उठली, डोळ्यांवर पाणी मारलं आणि कॉम्प्युटर चालू केला. लोडशेडिंगपायी सारा आठवडा असाच गेला होता. वीज आली की काम, गेली की कपाळाला हात.

नारायणगावच्या एका फोटो स्टुडिओत ती लग्नाचे अल्बम करायची. नवरा-नवरीला बर्फाच्या डोंगरापुढे उभं करायचं, मामाच्या कपाळावरचा घाम पुसायचा, मावशीला थोडं उजळ करायचं. सकाळी जीपमध्ये अंग चोरून बसायचं, संध्याकाळी ओझरच्या फाट्यावर उतरून घरापर्यंत चालायचं. पाठ पार मोडून गेली होती. अशात श्रेयाचा फोन आला. ही पोरगी पूर्वी स्टुडिओत हिराच्याच हाताखाली शिकली होती; आता पुण्यात मोबाइलवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत होती.

"हिराताई, आमच्या गेममध्ये एक जुनं गाव आहे. त्याच्या जमिनी आणि भिंती करून द्या. साहेबांना पसंत पडल्या तर कायमचं काम, तेही घरबसल्या. जीपचे धक्के सुटतील तुमचे."

गेममधलं गाव कितीही मोठं असो, त्याची जमीन एका लहानशा चौकोनाची असते. ओसरीत फरशी बसवावी तसा तोच चौकोन शेजारी शेजारी मांडत जायचा. मेख असते ती कडांची. उजवी कड डावीला मिळाली पाहिजे, वरची खालचीला. नाहीतर सांधा दिसतो. म्हणून चित्र अर्धं सरकवायचं. मग कडा मधोमध येतात आणि त्यांच्यातली चीर समोर दिसते. आजूबाजूचाच रंग उचलून ती बुजवायची. रांगोळीची तुटलेली रेघ जोडावी तसंच हे काम, फक्त चिमटीऐवजी हातात माउस.

भिंतीसाठी हिराने भैरवनाथाच्या देवळामागच्या काळ्या दगडांचा फोटो घेतला होता. चौकोन केला, कडा जुळवल्या आणि पडदाभर भिंत उभी केली. मागून ठमाबाई, तिची आई, डोकावली.

"अगं बया! एवढं देव?"

एका दगडाला कुणीतरी शेंदूर फासलेला होता. रोजच्या पाहण्यातला, म्हणून हिराच्या ध्यानातच आला नाही. आता भिंतभर ओळीने देव बसले होते.

"नारळ कुठून आणायचं गं एवढ्यांला?" ठमाबाई पदर तोंडाला लावून हसली.

हिराने देवाला मनोमन हात जोडले आणि शेंदूर पुसला. डोळ्यात भरणारी एकही गोष्ट चौकोनात राहता कामा नये, हे तिला तेव्हा कळलं. एकदा दिसली तर शोभा, पुन्हा पुन्हा दिसली तर खोट. भिंत पास झाली.

जमीन मात्र परत आली होती. जमीन म्हणजे त्यांच्याच ओसरीतलं शेणाचं सारवण. ठमाबाईचा हात फिरलेला, एकात एक गुंतलेल्या अर्धगोलांचा. काल श्रेयाचा फोन आला होता.

"ताई, लई छान झालीय, पण मध्ये काहीतरी सारखं सारखं दिसतंय. फट असल्यासारखं. साहेब म्हणाले, उद्यापर्यंत झालं तर बघू, नाहीतर दुसऱ्याला देऊ."

हिराने चित्र मोठं केलं. कडा जुळत होत्या, सांधा कुठे नव्हता. मग तिला दिसलं. सारवणात बोटांच्या रेघा उठतात, आणि प्रत्येक अर्धगोलात मधली रेघ नव्हती. चारा कापायच्या कडबाकुट्टीत आईचं मधलं बोट गेलं होतं. हिरा तेव्हा शाळेत जात होती. त्या बोटाची रिकामी जागा गेममधल्या साऱ्या गावात पसरली होती.

तिने स्टॅम्पचं टूल घेतलं. शेजारच्या बोटाची रेघ उचलून फटीत ठेवायची, एवढंच काम. पण हात उचलेना. फटीवर बाण न्यायचा, परत आणायचा. वीज कधी जाईल याचा नेम नव्हता.

"काय अडलं?" ठमाबाईने विचारलं.

हिराने बोट ठेवून दाखवलं. ठमाबाई वाकून बघत राहिली. मग स्वतःचा हात पडद्यापुढे धरून तिने तो उलटासुलटा केला.

"मंग पूस की."

"पुसायचं न्हाई आये, भरायचंय. तुझं बोट काढायचंय तिथं."

"काढ की मंग! डॉक्टरला जमलं न्हाई ते तू कर." ती हसली, पण लगेच थांबली. "नसलेल्या बोटाचं काय धरून बसलीस, हिरे? रोज जीपमधून मेल्यावानी येतीस, त्ये मला दिसतंय."

हिरा कामाला लागली. एकेक अर्धगोल भरत गेली. मान आखडली, डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. शेवटी पडदाभर जमीन मांडून पाहिली. फट नव्हती. सुरेख सारवण होतं, पाच बोटांच्या कुण्याही बाईने केलेलं.

"झ्याक झालं," ठमाबाई म्हणाली. मग पुटपुटली, "पर माझं न्हाई वाटत."

हिराने माउस पुन्हा हातात घेतला. मग तिने तो भरलेला चौकोन घेतला आणि त्याची दुसरी प्रत केली. तिच्या कडांना हात न लावता मधला एकच अर्धगोल जुन्या चित्रातून आणून बसवला, फटीसकट. कडा त्याच, म्हणून हा चौकोन कुठेही बसला असता. दोन्ही पेनड्राइव्हवर घेतले आणि नारायणगावच्या सायबर कॅफेतून पाठवले. खाली लिहिलं : दुसरा चौकोन गावात एकदाच लावा. एकदाच असला की खोट वाटत नाही.

सोमवारी जीपमध्येच फोन वाजला.

"ताई, पास! पुढचं काम शेताच्या बांधांचं," श्रेया ओरडून सांगत होती. "आणि तो एकदाच लावायचा चौकोन कशाला?"

"आयेचा हाय."

"बरं. लावते एका दारापुढे."

हिराला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही असेल, पण अंगात त्राण नव्हतं. तिने ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "भाऊ, स्टुडिओपाशी थांबवा. आज शेवटचं."

"का वो ताई, लगीन ठरलं का काय?"

"न्हाई वो," हिरा म्हणाली. "झोपायचंय."