अगत्तीला पोचवायची होडी

शंभुलिंग नौदलातून मोकळा झाला आणि कोचीलाच राहिला, याचं सास्तूरकडच्या भावकीला नवल वाटायचं. गावाकडं पुनर्वसनातलं घर होतं, शेत होतं, थोरली बहीण रुद्रम्मा होती. पण तो दिवाळीला यायचा, अंगणात बाज टाकून दोन रात्री काढायचा आणि उमरग्याहून गाडी धरायचा. घरातल्या कुणाशी त्याचं भांडण नव्हतं. तरी तो थांबायचा नाही.

रुद्रम्माची मुलगी महेश्वरी मात्र त्याच्या मागं लागून कोचीला गेली. लहानपणी मामानंच तिला माकणीच्या धरणात पोहायला शिकवलं होतं. लोहाऱ्यात कॉलेज संपल्यावर तिनं त्याच्याकडं शिडाची होडी चालवायला शिकायचा हट्ट धरला. आता ती तिथल्या एका क्लबात मुलांना शिकवायची आणि सवड मिळाली की शर्यतीत उतरायची.

यंदा मामाकडं एक होडी पोचवायचं काम आलं. शर्यतीची, एकवीस फुटांची, वजनाला अगदी हलकी. होडीच्या मानानं शीड फार मोठं. तळाला खोल शिशाचं वजन टांगलेलं, त्यामुळं कितीही कलली तरी परत उभी राहणारी. अगत्ती बेटावरच्या एका माणसानं ती विकत घेतली होती. मालवाहू जहाजावर चढवून पाठवता आली असती. पण मामा म्हणाला, "असली होडी काय पोत्यासारखी लादून न्यायची? आपण चालवत नेऊ."

महेश्वरीला ते लगेच पटलं. किनाऱ्यापाशी घिरट्या घालण्यात आणि जमीन नजरेआड करण्यात फरक होता, आणि तो तिला बघायचा होता.

होडीला केबिन म्हणजे एक ढोली होती. दोन माणसं आडवी झाली की जागा संपली. बसलं तर डोकं छताला लागायचं. आत-बाहेर करायला एकच तोंड, त्याला सरकतं झाकण. बंदरात सामान भरताना मामा बाहेरूनच हात आत घालून डबे ठेवत होता. महेश्वरीच्या ते लक्षात आलं.

निघाले तेव्हा हवामान स्वच्छ होतं. पहिल्या दिवशी होडी अशी पळाली की महेश्वरीला हसू आवरेना. उडणारे मासे शिडाखालून जात होते. मामा सुकाणूवर बसून कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणत होता. रात्री दोघांनी आळीपाळीनं झोप काढली. महेश्वरी आत झोपली. मामा आपल्या पाळीला बाहेरच, कमरेला दोर बांधून आडवा झाला.

पहाटे दक्षिणेकडं आभाळ काळवंडलं. सांगितलेल्या अंदाजात ते नव्हतं. सूर्य वर यायच्या आत वारा दुप्पट झाला आणि लाटांची टोकं तुटून उडायला लागली. मामानं शीड उतरवायला सांगितलं. महेश्वरी डोलकाठीपाशी गेली, मामानं सुकाणू धरलं. तेवढ्यात एका लाटेनं होडी गर्रकन फिरवली. शिडाचा आडवा दांडा सुटून आला आणि मामाच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला वाऱ्यातही ऐकू आला.

"मामा!"

"आधी शीड काढ!" तो ओरडला. "माझं मग बघ!"

तिनं शीड ओढून खाली घेतलं, गुंडाळून बांधलं. होडीचा वेग कमी राहावा म्हणून मामानं सांगितल्यावर मागं जाड दोर सोडला. आता बाहेर करण्यासारखं काही उरलं नव्हतं. लाटा होडीवरून जात होत्या. आत जाऊन झाकण लावायचं आणि वादळ सरायची वाट बघायची, एवढंच उरलं होतं.

"चला, मामा. आत."

"तू जा. मी इथंच बसतो."

"एका हातानं धरून बसणार? वाहून जाताल तुम्ही!"

"जाऊ दे. तू झाकण लाव."

तिला वाटलं, दुखण्यानं बोलत असतील. पण त्याच्या तोंडाकडं बघितल्यावर कळलं की हे दुखण्याचं नव्हतं. नौदलात पंधरा वर्षं काढलेला माणूस केबिनच्या त्या काळ्या तोंडाकडं बघून थरथरत होता. तिनं त्याच्या कमरेचा दोर सोडला, धड असलेल्या खांद्याला धरून त्याला आत ढकललं, स्वतः मागून शिरली आणि झाकण ओढून खिट्टी लावली.

आत अंधार नव्हता. छतातल्या काचेतून उजेड यायचा, आणि लाट वरून गेली की सगळं हिरवं व्हायचं. हवा कोंदट होती. रबराचा, ओल्या कपड्यांचा वास कोंडला होता. होडी कलायची, दोघं एकमेकांवर आदळायचे, मामा खांदा धरून विव्हळायचा. तिनं ओढणीनं त्याचा हात छातीशी बांधला. तो तिच्याकडं बघतच नव्हता. त्याची नजर खिट्टीवर होती.

"महेशा, थोडं उघड. बोटभर."

"पाणी येईल आत."

"बोटभर गं. हवा न्हाय इथं."

"हवा हाय, मामा. वरच्या नळीतून येतीय. हे बघा, हात लावून बघा."

त्यानं हात लावला. पटलं नाही.  मग ती पाण्याची बाटली शोधायला वळली आणि त्यानं एका झटक्यात खिट्टी काढून झाकण मागं ढकललं.

समुद्र आत आला. लाट म्हणावी असं काही दिसलंच नाही. नुसतं पाणी, छातीत बुक्की मारल्यासारखं. महेश्वरी पार टोकाला फेकली गेली. उठून बघते तर मामा अर्धा बाहेर, अर्धा आत, आणि पुढची लाट मागून उभी राहिलेली. तिनं त्याच्या पट्ट्याला धरून त्याला खाली ओढलं आणि पाठीनं झाकण रेटून बंद केलं. लाट वरून गेली तेव्हा ती खिट्टीवर दोन्ही हातांनी लटकलेली होती.

गुडघ्याच्या वर पाणी होतं. वायरलेसचा डबा बुडाला होता, किनाऱ्यावर होडीचा ठावठिकाणा कळवणारं यंत्रही बंद पडलं होतं. पाण्याच्या वजनानं होडी आता उशिरा उभी राहत होती. कललेल्या अंगावर पडूनच राहते की काय असं दर वेळी वाटायचं.

"मामा, पंप मारा!" ती किंचाळली. "एक हात हाय न्हवं? मारा!"

हातपंपाचा दांडा भिंतीला होता. मामानं तो धरला. तो पंप मारत होता आणि रडत होता. ती डबड्यानं पाणी उपसून बाहेर जाणाऱ्या नळकांड्यात ओतत होती. खूप वेळानं पाणी घोट्यापर्यंत उतरलं, तेव्हा मामा थांबला.

"महेशा, मला बांध."

"काय?"

"म्या परत उघडणार. मला कळतंय. बांध मला."

"तुम्हाला कसं बांधू, मामा?"

"दोरानं बांधतेत. तुला शिकवलंय न्हवं म्या?"

ती बराच वेळ दोर हातात घेऊन बसली. ज्यानं तिला पाण्यावर तरंगायला शिकवलं, पहिली गाठ शिकवली, त्याला आता जनावरासारखं बांधायचं होतं. होडी पुन्हा कलली. मामाचा हात आपसूक खिट्टीकडं गेला आणि त्यानं तो स्वतःच मागं घेतला. मग तिनं त्याचं मनगट छतातून आत उतरलेल्या डोलकाठीच्या बुंध्याला बांधलं.

पुढचा वेळ तिला नंतर तुटक तुटकच आठवला. मामा दोराला हिसके द्यायचा, पाय झाडायचा. एकदा तो कन्नडमध्ये ओरडायला लागला. "अक्का, कै तगी! कै तगी, अक्का!" हात काढ म्हणत होता. महेश्वरीला वाटलं दोर काचतोय, म्हणून तिनं सैल करायला बोटं घातली. पण तो तिच्याशी बोलतच नव्हता. तो तिच्या आईला हाक मारत होता.

दुपार झाली असावी. मामा दमून शांत झाला. मनगट सोलून निघालं होतं.

"तुझी आई कधी बोलली का भूकंपाचं?" त्यानं विचारलं.

"न्हाय. गाडली गेली व्हती एवढंच म्हाईत हाय."

"मी तिच्या कुशीत व्हतो. माळवद पडलं ते आमच्यावर. तुळई आडवी आली म्हणून वाचलो. पण माती लई. सारखी गळायची. मी तोंड उघडून बोंबलायचो आन् माती तोंडात जायची. तवा अक्कानं माझ्या तोंडावर हात दाबला. सोडलाच न्हाय. मला वाटलं, ही मला मारती." त्यानं मान तिच्याकडं वळवली. "तिच्या तळव्याला वण हाय बघ."

"विळा लागला म्हणती आई."

"विळा न्हाय. माझे दात हायेत ते. लोकांनी काढलं आम्हाला तोवर तिनं हात काढला न्हवता."

वर काच हिरवी झाली, पुन्हा उजळली.  आणि मग, मामा शांत झाल्यावर, भीतीनं तिला धरलं. इतका वेळ तिला सवड नव्हती. आता छत डोक्यावर उतरतंय असं वाटायला लागलं. श्वास पुरेना. हे झाकण कधीच उघडणार नाही, आपण दोघं असेच पाण्याखाली जाणार आणि आईला होडीचा तुकडासुद्धा दिसणार नाही. तिचा हात खिट्टीवर गेला.

"महेशा," मामा म्हणाला. आवाज अगदी साधा होता, क्लबात शिकवतानाचा. "पाणी वाढलंय. पंप मार."

पाणी वाढलं नव्हतं. तरी ती वळली आणि पंप मारायला लागली. मामा बांधलेल्या जागेवरून बोलत राहिला. माकणीच्या धरणात ती पहिल्यांदा हात सोडून तरंगली तेव्हा किती ओरडली होती, शेजारच्या कमलबाई काकूंची म्हैस कशी पाण्यात शिरून तिच्या मागं लागली होती. ती हसली की रडली ते तिचं तिलाही कळलं नाही. पंप मात्र तिनं सोडला नाही.

संध्याकाळी आवाज बदलला. लाटा होत्या, पण तुटत नव्हत्या. तिनं झाकण उघडलं. पश्चिमेला ढगाखाली लाल पट्टा दिसत होता. तिनं आधी मामाची गाठ सोडली. तो सरपटत बाहेर आला आणि तोंड वर करून नुसता बसून राहिला. 

डोलकाठी शाबूत होती. तिनं पुढचं लहान शीड चढवलं, मागचा दोर ओढून घेतला. होकायंत्र चालू होतं. वादळानं त्यांना उत्तरेला किती ढकललं असेल याचा मामानं अंदाज बांधला आणि तिनं त्याप्रमाणं सुकाणू धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी क्षितिजावर नारळाच्या झाडांची रेघ दिसली. मासेमारीची एक नाव जवळ आली. त्यातल्या माणसानं शीड बघितलं, मामाचा गळ्यात बांधलेला हात बघितला आणि पुढं होऊन बेटाला वळसा घालत खडकातली वाट दाखवली. खडकांच्या आतलं पाणी अगदी निवांत होतं.

होडी ज्याची त्याच्या ताब्यात गेली. बेटावरच्या दवाखान्यात खांदा बांधला. परतीच्या जहाजात मामा डेकवरच बसून आला. कोचीला उतरल्यावर तो स्वतःहून म्हणाला, "गावाकडं जाऊ."

रुद्रम्मानं भावाचा खांदा बघितला, मग मनगट बघितलं. तिथं दोराचा काळा वळ होता.  संध्याकाळी मामा बाहेर लिंबाखाली बाज टाकून बसला, तेव्हा तिनं महेश्वरीला स्वयंपाकघरात बोलावलं.

"हे कशाचं?"

महेश्वरीनं सगळं सांगितलं. कन्नडमधली हाकसुद्धा सांगितली. रुद्रम्मा परातीतलं पीठ एकाच जागी मळत राहिली.

"दिवसभर बांधला व्हतास?"

"व्हय."

"मग? सोडल्यावर बोलला तुझ्याशी?"

"सोडायच्या आधीच बोलले, आई. पंप मार म्हणाले."

रुद्रम्मानं मान हलवली. "माझ्याशी वरीसभर बोलला न्हवता. पाच वर्साचं लेकरू. मी जवळ गेले की आत्याच्या मागं लपायचं. लोकं म्हणायची, तू वाचवलंस त्याला. मला वाटायचं, अजून थोडा दाबला असता तर गेलाच असता. कुणाला सांगणार?"

"त्यांना सांग."

"तीस वर्सांनी?"

"ते आलेत न्हवं स्वतःहून."

रुद्रम्मा पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभी राहिली. शंभुलिंगनं तिला बघितलं आणि बाजेवर सरकून जागा केली. ती गेली. महेश्वरी आतच थांबली. दोघं कन्नडमध्ये बोलत होते, हळू. मग आईचा आवाज चढला. ती त्याला रागावत होती, दिवाळीला दोन दिवसांसाठी येण्यावरून, आणि तो ऐकून घेत होता. महेश्वरीनं तवा चुलीवर ठेवला आणि भाकरी थापायला घेतली, कारण मामा या खेपेला बरेच दिवस जेवायला असणार होता.