न दुखणारी काळपुळी

पोळ्याच्या आठवडाभर आधी उत्तमरावांचा बैल चरता चरता कोसळला. नाकातून काळसर, न गोठणारं रक्त आलं. नागपूरहून पशुवैद्यकाची पदवी घेऊन साखरखेर्ड्याच्या गुरांच्या दवाखान्यात नुकताच रुजू झालेला इंद्रभान धावत आला. कानाच्या शिरेतलं रक्त काचेवर घेऊन त्यानं रोग ओळखला. फाशी, माणसाला झाली की जिला काळपुळी म्हणतात. बैल फाडू न देता चुना टाकून खोल पुरायला लावला.

पण तो पोचण्याआधीच एक गोष्ट होऊन गेली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तूप-हळद लावून बैलांचे खांदे मळतात. या जिवाच्या नशिबी यंदाचा पोळा नाही, म्हणून उत्तमरावांच्या बायकोनं, कौशल्याबाईनं, मेल्या बैलाचीच खांदमळणी केली आणि त्याच हातानं त्याचं नाक पुसलं. हे डॉक्टरला सांगण्यासारखं कुणाला वाटलंच नाही.

पोळ्याच्या सकाळी इंद्रभान जोडीतला उरलेला बैल पाहायला आला. चिखलामुळे सायकल वाटेतच ठेवावी लागली होती. कौशल्याबाईनं चहाची कपबशी पुढे केली आणि त्याची नजर तिच्या मनगटावर खिळली. मधोमध कोळशासारखी खपली, भोवती पाणी धरलेले फोड, सूज कोपरापर्यंत.

"दुखते का, वहिनी?"

"नाई ना. दुखलं असतं तं इतक्या पोळ्या लाटल्या असत्या काय म्या?"

आत चुलीत विळा तापत होता. सासूबाई, झुंबरबाई, डाग देणार होत्या. गुरांच्या डॉक्टरला बाईच्या हातातलं काय कळतं, असं त्यांनी तोंडावरच ऐकवलं.

इंद्रभान घाबरला तो न दुखण्याला; साधं गळू ठणकतं, काळपुळी ठणकत नाही. त्यानं शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. अंगात पहारेकरी पेशी असतात, जंतू दिसला की त्या गिळून टाकतात. पण हा जंतू गिळला तरी मरत नाही. त्याचं विष पहारेकऱ्यालाच आतून लुळं करतं. मग तोच पहारेकरी चोराला पोटात घेऊन काखेतल्या गाठीपर्यंत जातो, आणि तिथून वाट उघडते ती थेट रक्तात. पेनिसिलिननं जंतू मरतात, आधीच सुटलेलं विष मरत नाही. उशीर झालेल्या जनावरांचं रक्त औषधानं स्वच्छ होऊनही ती दगावतात, हे त्यानं वाचलं होतं. आणि आज त्याच्या पिशवीत फक्त गुरांची लस होती. वहिनीला आत्ताच गाडीत घालून साखरखेर्ड्याच्या माणसांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं, असं तो म्हणाला.

उत्तमरावांनी मान खाली घातली. "आज पोळा हाय, डाक्तर. आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाईत. एक गेला, दुसराबी घालवू काय? उद्या झुंजूमुंजू जुंपतो."

उद्या उशीर होईल, हे सांगून भागणार नव्हतं. इंद्रभान झुंबरबाईंकडे वळला. "आजी, मला हात लावता येणार नाही. तुम्ही वहिनींची काख चाचपून पाहा."

सासू-सून आत गेल्या. मग विळा पाण्यात बुडल्याचा चर्र आवाज आला. झुंबरबाई बाहेर आल्या त्या सरळ गोठ्यात गेल्या आणि सजवलेल्या बैलाची झूल उतरवू लागल्या.

"माय, काय करून राह्यली?" उत्तमराव म्हणाले.

"काखेत गोळा हाय. लिंबायेवढा. जू बाहेर काढ."

बैलासमोर हात जोडून त्या काहीतरी पुटपुटल्या. दुसरा बैल आज कुणी देणार नव्हतं. शेजारचे कारभारी तर पाठ फिरवून उभे राहिले. उत्तमरावांनी जुवाची रिकामी बाजू क्षणभर पाहिली, आणि स्वतःच तिच्याखाली शिरले. इंद्रभाननं मागून चाकाला हात घातला.

पारावरून कुणीतरी विचारलं, "उत्तमराव, तुमालेबी बाशिंग बांधू काय?"

त्यांनी वर पाहिलं नाही. काळी माती चाकाला लपेटत होती. गाडीत कौशल्याबाईला हुडहुडी भरली होती आणि झुंबरबाई तिला घट्ट धरून होत्या.

साखरखेर्ड्याच्या डॉक्टरांनी हात पाहिला, बैलाची हकिकत ऐकली आणि लगेच सुई उकळायला ठेवली. पेनिसिलिन टोचून झाल्यावर त्यांनी सुजेच्या कडेवर शाईची रेघ ओढली. जंतू मरतील, म्हणाले, विष किती सुटलंय ते सूज ही रेघ ओलांडते का, त्यावरून कळेल.

दिवेलागणीला सूज रेघेला टेकलेली होती. इंद्रभान दर थोड्या वेळानं कंदील जवळ नेऊन पाही. सोललेल्या खांद्याचे उत्तमराव त्याच्या तोंडाकडे बघत.

सकाळी सूज ओसरून रेघेच्या बोटभर खाली आली होती.

"नेऊ काय आता घरी?" उत्तमरावांनी विचारलं.

"अजून नाही," इंद्रभान म्हणाला, आणि पहिल्यांदाच भिंतीला टेकून बसला.