पाचवी पट्टी

“बाई, आठवी पट्टी एक घर वर घ्या,” साहेब म्हणाले. मी आठवा संघ उचलून सातव्या जागी ठेवला आणि सातव्याला खाली सरकवलं. साहेब चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. मग म्हणाले, “नको. होता तिथेच राहू द्या बिचारा.”

साहेब आमच्या वर्तमानपत्राचं खेळाचं पान पाहत आणि मी त्यांची टंकलेखिका होते. बास्केटबॉलच्या पगारी संघांचा हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे उरले की साहेब दहा संघांची क्रमवारी छापत. येत्या हंगामात कोण कुठवर जाईल, त्याचा अंदाज. प्रत्येक संघाचा मजकूर मी वेगळ्या पट्टीवर टाइप करायची. पट्टीवर क्रमांक नसायचा, कारण साहेब शेवटच्या घटकेपर्यंत लांब टेबलावर त्या पट्ट्या वरखाली करत बसायचे. मजकुरातही कौतुक नाही, टीका नाही. कोण आला, कोण गेला, कोण जखमी, एवढंच. “मत क्रमांकात असावं, मजकुरात नको,” असं ते म्हणायचे. क्रम ठरला की मी पट्ट्या जाड कागदावर डिंकाने चिकटवायची, पुढे आकडे घालायची आणि खाली छपाईला पाठवायची.

क्रमवारीच्या दिवसाचे नियम ठरलेले होते. खिडक्या बंद. पंखा बंद. आणि छापलेली क्रमवारी कधीही मागे घ्यायची नाही. संघांचे मालक फोन करून रडायचे, धमकावायचे. एकदा बदललं की कायमचं बदलत बसावं लागेल, म्हणून साहेबांनी तो नियम केला होता.

ही गोष्ट घडली तोवर अकरा वर्षं मी हे काम केलं होतं, पण सामना एकही पाहिला नव्हता. त्याच आठवड्यात साहेब सगळ्यांसमोर गमतीने म्हणाले होते की आमच्या बाई दहा संघ झोपेतही म्हणून दाखवतील, फक्त चेंडू कुठल्या जाळीत टाकायचा ते त्यांना विचारू नका. सगळे हसले. मीही हसले. घरी जाऊन मात्र जेवण गेलं नाही.

त्या दिवशी पाचच्या सुमारास साहेबांच्या घरून फोन आला. बायकोला बरं नव्हतं, डॉक्टरांकडे न्यायचं होतं. त्यांनी टेबलावरून एकदा नजर फिरवली. “झालं. चिकटवून द्या,” म्हणाले आणि कोट उचलून गेले.

खोलीत फार उकडत होतं. मी पंखा लावला. एकच मिनिट, असं मनाशी म्हणत लावला.

पट्ट्या उडाल्या. टेबलाखाली, कपाटामागे, एक तर टाइपरायटरच्या पोटात. मी गुडघ्यांवर रांगत त्या गोळा केल्या. आठ पट्ट्या चटकन जागेवर बसल्या. हातात दोन राहिल्या आणि टेबलावर दोन घरं रिकामी, पाचवं आणि दहावं.

त्यातली एक पट्टी रंगाच्या कारखान्याच्या संघाची होती. तिच्यावर लिहिलं होतं की संघाच्या मधल्या खेळाडूच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे आणि तो पहिल्या सामन्यापासून खेळेल.

तो खेळाडू आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर आईबरोबर राहायचा. सहा फूट सात इंच. सगळी इमारत त्याला शिडी म्हणायची. जिन्यातला दिवा गेला की कुणी स्टूल शोधायचं नाही, त्याला हाक मारायची. तो टाचा उंचावून दिवा बदलायचा आणि म्हणायचा, “ताई, आता बिल वाढलं तर मला बोलायचं नाही.” मला त्याचं कौतुक होतं. खरंच होतं.

त्याच सकाळी मी त्याला जिन्यात पाहिलं होतं. कठडा धरून तो एकेक पायरी उतरत होता. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, थांबायचं, मग पुढची. ओठ हलत होते. मी दार अर्धवट लोटून आत उभी राहिले, म्हणजे त्याला ओशाळवाणं वाटायला नको.

फोन माझ्या कोपराशी होता. साहेबांच्या घरचा नंबर मला पाठ होता. फोन केला तर पंखा लावल्याचं सांगावं लागणार, आणि पुन्हा हसणं. शिवाय मला वाटलं, साहेबांना जे ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे. त्यांनी मैदान पाहिलंय, मी जिना पाहिलाय.

मी रंगाचा कारखाना दहाव्या जागी चिकटवला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, पेपर उघडला आणि क्रमवारी दोनदा वाचली. संपादकांनी आत येऊन विचारलं की त्या संघाला एकदम तळाला कसं टाकलंत. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझे हात टाइपरायटरवर होते. मी कागदाची कड सरळ करत राहिले. ती सरळच होती.

“माझं मत आहे ते,” साहेब म्हणाले.

चार दिवसांनी शिडीची आई जिन्यात भेटली. त्याचा नव्या हंगामाचा करार तयार होता, फक्त मालकाची सही बाकी होती. मालक म्हणाला, जो माणूस कुणाची भीड ठेवत नाही तोच आपल्याला शेवटचे म्हणतोय, तर त्या गुडघ्यात काहीतरी आहे. त्याने दुसरा खेळाडू घेतला. “आणि हो, डॉक्टर तर खूश होते गं त्याच्यावर,” ती म्हणाली. “रोज तीनदा जिना असा हळू उतरायला सांगितला होता. दोन्ही पाय टेकवून, दहा अंक मोजून. कंटाळा न करता करायचा पोरगा.”

मी म्हटलं, काकू, होईल सगळं नीट. आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्या हंगामात रंगाचा कारखाना नववा आला. साहेबांचा अंदाज जवळपास बरोबर निघाला म्हणून कचेरीत कौतुक झालं, संपादकांनी पाठ थोपटली. साहेब मान खाली घालून ऐकत होते. मला कधी एक शब्द बोलले नाहीत. फक्त पुढच्या वर्षी क्रमवारीच्या दिवशी मी डिंकाची बाटली शोधू लागले, तेव्हा ती त्यांच्या खणात निघाली. “राहू द्या, मी चिकटवतो,” ते म्हणाले. निवृत्त होईपर्यंत तेच चिकटवत राहिले.

कोणती पट्टी पाचवी होती ते मला आठवत नव्हतं, असं मी पन्नास वर्षं स्वतःला सांगत आले. आठवत होतं.

शिडीला पुढे कुणी संघात घेतलं नाही. तो शाळेत कवायत शिकवायला लागला, मैदानाच्या कडक जमिनीवर वर्षानुवर्षं मुलांबरोबर पळाला आणि गुडघा मग खरोखरच गेला. वरची जागा सोडून त्याने तळमजल्यावरची घेतली. साहेब जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात माझ्या दारासमोरचा दिवा गेला. खालच्या मुलीने सांगितलं असावं. संध्याकाळी तोच वर आला, धापा टाकत. सत्त्याहत्तर वर्षांचा. मी म्हटलं, अरे, कुणालाही सांगितलं असतं.

“आता टाचा उचलत नाहीत, ताई. स्टूल द्या,” तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. तो चढला. मी दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय धरून खाली बसले. त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बहुधा बोलू शकले. पंखा, दोन पट्ट्या, जिना, सगळं सांगितलं. माझं मलाच ते फार लहान वाटलं. एवढंसं.

वर जुना बल्ब फिरल्याचा आवाज आला.

“साहेब सहा दिवस सकाळी सरावाला येऊन बसले होते,” तो म्हणाला. “मला म्हणाले, गुडघा मी पाहिलाय, काळजी करू नकोस. आणि मग ते छापून आलं. मी त्यांच्याशी पुन्हा बोललो नाही, ताई. रस्त्यात दिसले तर फुटपाथ बदलायचो. ते गेले तेव्हाही गेलो नाही.”

त्याने काढलेला बल्ब खाली माझ्या हातात दिला.

“बल्ब द्या,” तो म्हणाला.

मी दिला. उजेड पडला. तो माझ्या खांद्याला हात न लावता खाली उतरला, स्टूल उचलून माझ्या दाराच्या आत ठेवलं आणि जिन्याकडे वळला. कठडा धरला. एक पायरी, दोन्ही पाय टेकवले. थांबला. मग दुसरी.

या वेळी मी दार लोटलं नाही. तो दिसेनासा होईपर्यंत नव्या उजेडात उभी राहिले आणि प्रत्येक पायरीला दहापर्यंत मोजत राहिले.