नीरेच्या बाटलीवरची चिठ्ठी

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि त्याच्या मागोमाग दुष्काळ पडला. उदगीरच्या रस्त्याला माझं नीरेचं दुकान आहे. नव्या कचेरीतले साहेब येऊन नियम सांगून गेले. प्रत्येक बाटलीवर छापील चिठ्ठी हवी, ‘नीरा. मद्य नाही.’ चव घेतल्याशिवाय चिठ्ठी लावायची नाही.

शिंदीच्या झाडाला संध्याकाळी मडकं बांधतात. मडक्याला आतून चुना नीट लावला तर सकाळी नीरा गोड उतरते. चुना कमी पडला की ती आंबते, तिची शिंदी होते, आणि शिंदी चढते. चुना लावणं आणि चव घेणं माझी बायको सिंधू करायची. पौषात तिला ताप आला आणि ती गेली.

तेरावं झाल्यावर मी दुकान उघडलं. चुना मीच लावला होता. नीरा उतरवली, बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. मग आठवलं, चव राहिली. घोट घेतला. काही कळलं नाही. आणखी घेतला. पाण्यासारखाच. सिंधू गेल्यापासून भाकरीही तशीच लागायची.

पहिलं गिऱ्हाईक समोरच्या घरातला सिद्रामप्पा. त्यानं शिंदी सोडली होती. रोज नीरा पिऊन रोजगार हमीच्या कामावर जायचा.

“आण की रं.”

“थांबा आप्पा. मला चव लागंना.”

“चिठ्ठी लावलीस की! सरकार म्हणतंय मद्य न्हाई, अन् तू कोण?”

“सरकारनं कुठं चाखली?”

“मग मी चाखतो. माझ्यावाणी पारख तालुक्यात न्हाई कुणाला.”

ते खरं होतं. म्हणूनच बाटली देता येईना. आंबट घोट पोटात गेला की तो नाल्यापलीकडच्या शिंदीखान्यात जाऊन बसला असता. मी बाटल्या मागं सरकवल्या.

तो चिडून उठला. “न्हाई देत? मग जातो तिकडंच. तिथं चिठ्ठीची कटकट न्हाई.”

मी त्याच्या बायकोला, मल्लम्माला हाक मारली. ती पिठाच्या हातानं आली. घोट घेऊन थुंकली.

“आंबली हाय. भाऊजी, चुना मडक्याला लावला का भिंतीला?”

सिद्रामप्पा हसला. मला हसू आलं नाही. मी चिठ्ठ्या खरवडून काढल्या, बाटल्या उकिरड्यावर ओतल्या.

“चला, खोरं घ्या,” मल्लम्मा नवऱ्याला म्हणाली. जाताना मला म्हणाली, “उद्या उतरवली की आधी मला हाक मारा.”

दुसऱ्या सकाळी तिनं चाखली. “लावा चिठ्ठ्या.”

सिद्रामप्पा उभ्याउभ्याच प्यायला. रिकामी बाटली ठेवत म्हणाला, “बरी हाय. तू न्हाई घेत?”

“न्हाई,” मी म्हटलं, आणि पुढच्या बाटलीला चिठ्ठी लावली.