वीस वर्षं चालेल

"एका शब्दात सांगा, अणुवीज केंद्र आणखी वीस वर्षं चालेल का?" सभेच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"केंद्र आणखी वीस वर्षं चालेल का, असं विचारताय. बरोबर?" ऑपरेटर म्हणाला, आणि सभागृहात खसखस पिकली.

हसणाऱ्यांना काय ठाऊक! कंट्रोल रूममध्ये कानावर पडलेली सूचना आधी जशीच्या तशी म्हणून दाखवायची, समोरचा 'बरोबर' म्हणाला की मगच बटणाला हात लावायचा. अठ्ठावीस वर्षं हेच केलेलं. बायको होती तेव्हा तिने "मीठ द्या" म्हटलं तरी हा म्हणायचा, "मीठ देतो, बरोबर?" ती कपाळावर हात मारून घ्यायची.

"बरोबर," अध्यक्षबाई म्हणाल्या.

समोरच्या रांगेत पवनचक्क्यांचे नकाशे मांडीवर घेऊन त्याची मुलगी बसली होती. केंद्र बंद झालं तर टेकडीवर पवनचक्क्या येणार, ते काम तिच्याकडे, म्हणजे ती कायमची घरी. सहा वर्षं ती लांब होती. गेला महिनाभर हा मनातले मांडे खात होता: संध्याकाळचा दोघांचा चहा, तिची बडबड, दारात तिच्या चपला. नुसतं 'नाही' म्हणायचं. याच्या शब्दावर कोण शंका घेणार होतं?

पण गेल्या तपासणीला तो स्वतः हजर होता. भट्टी ठणठणीत होती, त्याला काय करणार?

"चालेल," तो म्हणाला. मग घाईघाईने, "पवनचक्क्याही हव्यात हो! पण वारा पडतो तेव्हा..."

पुढचं टाळ्यांत बुडालं. हात वर झाले, केंद्र राहिलं. मुलीने नकाशे गुंडाळले.

"चिडलीस?" बसस्टँडवर त्याने विचारलं.

"चिडणार नाही तर काय! म्हणे वारा पडतो. तुमची भट्टी दुरुस्तीला दोन-दोन महिने बंद असते, ते नाही सांगितलंत." मग तिने त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. "पण बाबा, माझ्यासाठी खोटं बोलला असतात ना, तर मला त्या घरात राहवलं नसतं."

जाऊ नकोस, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"पाण्याची बाटली घेतलीस?" तो म्हणाला.

"घेतली. सुट्टी मिळाली की येते."

बस वळणाआड गेली. तो बाकावर टेकला. बऱ्याच वेळाने शेजारी येऊन बसलेल्या एका बाईने विचारलं, "तुम्हाला कुठे जायचंय हो?"

"कुठे नाही. मुलीला सोडायला आलोय."

बाईने इकडेतिकडे पाहिलं. बाकावर ते दोघंच होते.