जखमेची हाक

मेंढीच्या गळ्यावर सुरी फिरली की पहिली चिळकांडी गवतावर उडते. आतडी बायकांकडे, कातडं खुंटीवर, फुप्फुस कुत्र्यांपुढे.

मुंडकं छाटलेला बोकड पळवण्याच्या खेळात घोडेस्वार झुंजत होते. सात्कीनच्या छातीवर घोडा कोसळला. तो रक्त थुंकत उठला. बोकड मात्र सोडला नव्हता.

काचेची नळी. आत रक्त. वर नाव नाही, आकडा.

बरगड्या फाकवणारा लोखंडी चिमटा फिरवताना कुरकुरतो.

जखम झाली की रक्त हाक घालतं: इथे नव्या नसा फुटू द्या. त्या हाकेवर जखम भरते. मागे कुठे गाठीचा कण उरला असेल, तर त्याच हाकेवर तोही पोसतो.

बुरुल बिश्केकच्या एका इस्पितळात ही हाक मोजायची. फुप्फुसाचा कर्करोग कापून काढलेल्यांचं रक्त तिच्याकडे येई. शस्त्रक्रियेनंतर हाक चढते, मग जखम भरेल तशी बसते. एका नळीतली बसली नव्हती, उलट चढतच चालली होती. आकड्यावरून नाव काढलं तर ते रक्त सात्कीनचं होतं, आणि सात्कीन तिचा बाप.

त्याला कर्करोग म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. तिकडे रोग्याला सांगत नाहीत. शब्द ऐकून माणूस रोगाच्या आधी मरतो म्हणतात. मेंढपाळाला पटेल असं खोटं बुरुलनेच शोधलं होतं: कुत्र्याचा जंत. तो माणसाच्या पोटात जातो आणि फुप्फुसात पाण्याचा फुगा धरतो. प्रत्येक गावात असा छाती चिरलेला एखादा असतोच. सात्कीनला पटलं.

आता त्याला औषधासाठी परत न्यायचं होतं, आणि तो शब्द तोंडातून निघू द्यायचा नव्हता. बुरुल भर दुपारी डोंगरावरच्या कुरणात पोचली.

"आलीस?" तंबूच्या दारातून सात्कीन ओरडला. "तुझ्यापेक्षा ढेकूण बरा गं. तो पितो, पण पुन्हा पुन्हा बोलावणं तरी धाडत नाही."

"आके, माझ्याबरोबर चला. शिरेतून औषध द्यायचंय."

"कशाला? फुगा काढला ना?"

धाकटा भाऊ उलार घोडीचं दूध ओतता ओतता थांबला. "एजे, आधी चार घोट घे, मग बोल," तो बहिणीला घाईघाईने म्हणाला.

"काढला," बुरुल म्हणाली, "पण जंताचा अंश रक्तात राहिलाय."

सात्कीनने वाडगा खाली ठेवला. बाहेर उन्हात घरचा कुत्रा आलगीर पसरला होता. त्याच्या पोटावर डोकं टेकून उलारच्या दोन्ही मुली झोपल्या होत्या. धाकटीचं तोंड त्याच्या केसांत खुपसलेलं.

"पोरींना उचल," सात्कीन उलारला म्हणाला. "आणि दोर आण."

आलगीर शेपटी हलवत आला. दोर दिसला की शिकार, एवढंच त्याला ठाऊक. लांडग्यांच्या नरड्या फोडलेला कुत्रा घोड्याच्या खुंटाला मुकाट बांधून घेत होता. सात्कीनने कुऱ्हाड उचलली, आणि ती तशीच धरून राहिला.

"बुरुल, कीझीम, माझ्या पोरी," त्याचा आवाज खाली आला. असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "वसंतात तू जंताच्या गोळ्या आणल्या होत्यास. याला दिली होतीस ना?"

हो म्हटलं तर आलगीर वाचेल. मग बाप विचारेल, जंत आला कुठून? धुक्यात मेंढ्या ओळखणारा माणूस. तिसऱ्या प्रश्नाला तो त्या शब्दावर येऊन उभा राहील. याच रोगाने त्याचा भाऊ गेला तेव्हा तो म्हणाला होता, मला झाला तर सुया टोचून घेत मरणार नाही, घोड्यावर बसून बर्फात जाईन.

"विसरले, आके."

त्याच्या कमरेचा चाबूक तिच्या गालावरून मनगटावर उतरला. "विसरलीस! जगाचं रक्त मोजतेस, आणि घरच्या मुक्या जीवाची एक गोळी विसरलीस!" दुसरा फटका. उलार मध्ये पडला तर चाबकाची मूठ त्याच्या तोंडावर बसली. तो दात थुंकत मागे झाला.

कुऱ्हाडीचा पहिला घाव चुकला. अर्ध्या छातीत वार करायचं बळ नव्हतं. आलगीर केकाटला, आणि मग त्याने सात्कीनचा बूट चाटला. दुसरा घाव पाठीच्या कण्यावर. तिसऱ्याला सात्कीनला दम लागला. तो गुडघ्यांवर बसला, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सुरीने काम संपवलं. चिळकांडी गवतावर उडाली. तंबूत पोरी किंचाळत होत्या.

"चल तुझ्या इस्पितळात," हात धुऊन तो म्हणाला.

उतरताना वाटेतल्या प्रत्येक तंबूपाशी त्याने गाडी थांबवायला लावली. "जंत कुत्र्याचाच," तो लोकांना सांगत होता, "पोरंबाळं सांभाळा." मागे एकेका तंबूवरचं भुंकणं चढत गेलं, मग तुटत गेलं.

बुरुलचं मनगट सुजून तापलं होतं. तिथलं रक्तही आता हाक घालू लागलं होतं.

"फार लागलं का गं?"

"नाही."

"भरेल," सात्कीन म्हणाला. "आपल्या घराण्याचं रक्त चांगलं. जखमा लवकर भरतात."

बुरुलने वसंतात गोळी मेंढीच्या चरबीत गुंडाळून आलगीरला दिली होती. त्याने ती गिळली होती आणि मग तिची बोटं चाटली होती.