मोकळं बोलणं

पहिल्या दिवशी मॅडमनी कुणालाच पुस्तक उघडू दिलं नाही. "आधी तुम्ही कोण ते कळू दे," त्या म्हणाल्या. "आज आपल्याच भाषेत सांगा. उद्यापासून ती चैन बंद, वर्गात फक्त स्पॅनिश."

एकेक जण उठून नाव सांगत होता. खिडकीजवळच्या उंच मुलाची पाळी आली. तो उठला आणि स्वतःच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर अडकला. तेच अक्षर, पुन्हा तेच, पुन्हा तेच. मान एका बाजूला ओढली गेली, डोळे घट्ट मिटले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "टेप अडकली रे!" आणि सगळा वर्ग खो खो हसला. विद्यापीठाच्या त्या इमारतीत त्याला मग दुसरं नाव उरलं नाही. झेरॉक्सवालासुद्धा "टेप, तुझ्या कॉप्या घे" म्हणायचा.

त्या दिवशी पहिल्या बाकावरची धाकटीही हसली होती. तिला घरात धाकटीच म्हणत, आणि वर्गातही तेच नाव पडलं होतं. तिचे वडील चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावायचे. दुकानात काउंटरमागे थोरल्या बहिणीचा फोटो होता, डॉक्टरच्या पांढऱ्या कोटातला. गिऱ्हाइकानं विचारलं की वडील थोरलीबद्दल चष्मा पुसता पुसता बरंच काही सांगत, आणि धाकटी तिथं असली तर शेवटी म्हणत, "आणि हे शेंडेफळ. पोपटपंची शिकतंय." गिऱ्हाईक हसायचं. धाकटीही हसायची. त्या हसण्याची तिला आता चांगली सवय झाली होती.

दर वर्षी विभागातून पहिल्या वर्षाच्या एकाच विद्यार्थ्याला उन्हाळ्यात स्पॅनिश बोलणाऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकायला पाठवत. लेखी परीक्षेत चारपाच जण जवळपास सारखेच असायचे. खरी निवड व्हायची तोंडी परीक्षेत. ती जागा आपलीच, हे धाकटीनं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. क्रियापदांचे तक्ते तिनं न्हाणीघराच्या दारावर आतून चिकटवले होते.

त्यात मॅडमनी तोंडीसाठी जोड्या लावल्या. धाकटीच्या गळ्यात टेप पडला. पहिल्या दिवसानंतर तो वर्गात तोंड म्हणून उघडत नसे.

"मॅडम, मला दुसरं कुणी द्या ना," ती तास संपल्यावर म्हणाली. तो चार पावलांवर दप्तर भरत होता. तिनं आवाज काही खाली आणला नाही. "माझं वर्ष जाईल याच्यामुळे."

"जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्यात," मॅडम म्हणाल्या. "तुझं नशीब."

त्यानं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो जिन्याखालच्या रिकाम्या जागेत वेळेवर आला. संवाद ठरलेला होता. हॉटेलच्या खोलीत गरम पाणी येत नाही म्हणून पाहुणा खाली येऊन तक्रार करतो. धाकटी हॉटेलची कारकून, तो पाहुणा. धाकटी कपाळाला आठ्या घालूनच बसली होती. त्यानं कागद खाली ठेवला, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "नो आय आग्वा कालिएंते!" गरम पाणी नाही!

धाकटी बघतच राहिली. त्यानं पुढचं वाक्य म्हटलं, त्याच्या पुढचं म्हटलं. कुठं गचका नाही, कुठं खडा नाही. शेवटी तर त्यानं जिन्याच्या कठड्यावर मूठ आपटली.

"अरे! तू अडकला नाहीस."

तो हसला. आपल्या भाषेत सांगायला त्याला बराच वेळ लागला. "ह्या भा-भा-भाषेत नाही होत. का ते मा-माहीत नाही. इथं मला कुणी चि-चि-चिडवलेलं नाही ना अजून."

पुढं रोज ते जिन्याखाली भेटू लागले. त्याला भांडायला फार आवडायचं. आपल्या भाषेत त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत भांडण मिटून माणसं घरी गेलेली असायची. इथं तो पाण्यावरून भांडायचा, चादरीवरून भांडायचा, संवादात नसलेल्या उशीवरूनही भांडायचा. धाकटी त्याच्या चुका दुरुस्त करायची. तो ऐकायचा. एकदा हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिच्या मनात आलं की इतकं मोकळं आपण घरीसुद्धा हसत नाही.

अशाच एका दुपारी त्यानं तिला सांगितलं. सांगताना तो इतका अडखळला, की शेवटी तिनंच त्याची दोन वाक्यं पुरी केली. ते नाव, टेप, ते कानावर पडलं की घसा बंद होतो. कुणी मागून हाक मारली तरी होतो. "म्हणून त-तू कधी म्ह-म्हणत नाहीस ते ब-ब-बरं वाटतं."

"मी कशाला म्हणेन?" धाकटी म्हणाली. तेव्हा ते तिनं मनापासून म्हटलं होतं.

परीक्षेला थोडे दिवस राहिले असताना मॅडमनी सगळ्या जोड्या वर्गासमोर उभ्या केल्या. टेप बोलायला लागला तसा मागचा बाक गप्प झाला. गरम पाण्याचं भांडण संपलं तेव्हा कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"ऐकलंत?" मॅडम वर्गाकडे वळल्या. "याला म्हणतात बोलणं." मग धाकटीकडे बघून म्हणाल्या, "तुझं व्याकरण पक्कं आहे, पण तू बातम्या वाचल्यासारखी बोलतेस. याच्याकडून शीक थोडं."

याच्याकडून शीक! धाकटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. याचं क्रियापद कुणी सुधारलं? याला लिंग-वचन कुणी शिकवलं? घरी गेल्यावर तिचं जेवणात लक्ष नव्हतं. वडिलांनी विचारलं, "काय म्हणतोय पोपट?" ती ताटावरून उठून गेली. न्हाणीघरात दाराला चिकटवलेल्या तक्त्यांसमोर ती उभी राहिली आणि एक वाक्य सहज तिच्या तोंडात आलं. पहिल्या धड्यातलंच होतं, फक्त क्रियापद अनेकवचनात. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. व्याकरणात चूक नव्हती. व्याकरण तपासायलाच तर आपण ते म्हणतोय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी फार उकडत होतं. खोलीतला पंखा नादुरुस्त होता म्हणून शिपायानं दार सताड उघडून ठेवलं होतं. बाहेर व्हरांड्यात पुढच्या जोड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आत टेबलामागं मॅडम आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. परीक्षक बाईंचा चेहरा प्रेमळ होता आणि आपली भाषा त्यांना अजिबात येत नव्हती.

संवाद उत्तम झाला. टेपनं टेबलावर मूठ आपटली तेव्हा परीक्षक बाई दचकल्या आणि मग मोठ्यानं हसल्या. त्यांनी मॅडमकडे बघून मान डोलावली. ती मान कुणासाठी डोलली, हे धाकटीला न सांगता कळलं.

मग दोन मिनिटं मोकळं बोलणं. एकमेकांना शिकलेल्या धड्यांतले काहीही प्रश्न विचारायचे. धाकटी त्याला घरातल्या माणसांबद्दल विचारणार, तो तिला घराबद्दल विचारणार, असं दोघांनी ठरवलं होतं. तो तिच्याकडे वळून, हसून वाट बघत उभा राहिला.

"कोमो ते यामान एन ला क्लासे?" धाकटीनं विचारलं. वर्गात तुला काय म्हणतात?

क्षणभर त्याला वाटलं असावं की आपण चुकीचं ऐकलं. त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून निघून गेलं.

"मे..." तो म्हणाला. मला... "मे... मे... मे..."

मान एका बाजूला ओढली गेली. डोळे मिटले. "त्रांकिलो, त्रांकिलो," परीक्षक बाई हळुवारपणे म्हणाल्या. सावकाश होऊ दे. मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या होत्या.

"मे... मे..."

व्हरांड्यातून कुणीतरी शेळीसारखं ओरडलं. हसण्याची एक लाट दारातून आत आली. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून खाली ठिबकला. धाकटी इथं थांबू शकली असती. दुसरा प्रश्न विचारू शकली असती, भावंडं किती, घर कुठं. त्यानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं ते तेवढ्यासाठीच. तिला ते कळलं.

"ले यामान टेप," ती परीक्षक बाईंकडे वळून म्हणाली. याला टेप म्हणतात.

"पोर के?" बाईंनी कुतूहलानं विचारलं. का?

"पोर्के से पारा." कारण तो अडकतो. तिचे उच्चार स्वच्छ आले, अगदी सहज, बातम्या वाचल्यासारखे मुळीच नाहीत. परीक्षक बाईंना गंमत अर्धीमुर्धीच कळली असावी. मुलं एकमेकांची थट्टा करतायत अशा समजुतीनं त्या हसल्या आणि त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी भराभर लिहिलं.

तो बाहेर गेला. व्हरांड्यात त्याला वाट देण्यासाठी मुलं बाजूला झाली, आणि तो पुढं गेल्यावर पुन्हा शेळी ओरडली.

निकाल लागला त्या दिवशी मॅडमनी धाकटीला खोलीत बोलावलं. बस म्हणाल्या नाहीत.

"जागा तुला मिळाली," त्या म्हणाल्या. "परीक्षक बाई म्हणाल्या, मोकळ्या बोलण्यात ही मुलगी सगळ्यांत सहज होती."

"थँक यू, मॅडम."

"मला तुझे गुण कापता आले नाहीत. प्रश्न अभ्यासक्रमातला होता. उत्तरही बरोबर होतं." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जागा त्याला मिळाली असती, हे तुला माझ्याआधी कळलं होतं ना?"

धाकटीनं टेबलावरच्या चष्म्याकडे पाहिलं.

"जा आता," मॅडम म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसू नकोस. मला समोर बघायला लागतं."

ते शब्द जिव्हारी लागले खरे, पण दुकानात थोरलीच्या शेजारी धाकटीचा फोटो लागला. वडिलांनी काच स्वतः पुसली. गिऱ्हाइकांना ते सांगू लागले, "ही आमची दुसरी. परदेशी चाललीय, भाषेच्या जोरावर!" पोपट हा शब्द त्या घरातून नाहीसा झाला. टेप स्पॅनिश सोडून हिशेबतपासणीच्या वर्गात गेला म्हणे. तिथं बोलावं लागत नाही.

जायच्या आदल्या दिवशी आईनं धाकटीला भुवया कोरून यायला पाठवलं. नेहमीचं पार्लर बंद होतं. पलीकडच्या गल्लीत एक छोटं दिसलं, तिथं ती शिरली. खुर्चीत डोकं मागं टेकून तिनं डोळे मिटले. पार्लरवाल्या बाईंनी दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि कामाला लागल्या. त्यांचा हात हलका होता.

"कुठं जायचंय का?" बाईंनी दोरा सोडून विचारलं. धाकटीनं सांगितलं.

"अगं बाई! स्पॅनिश? म्हणजे तूच ती!" बाई समोर येऊन उभ्याच राहिल्या. "माझा मुलगा तुझ्या जोडीला होता ना. दिवसभर तुझंच नाव. ती म्हणाली, तिनं शिकवलं... घरात त्या भाषेत माझ्याशी भांडायचा गं! मला एक अक्षर कळायचं नाही. मी आपली गॅस बारीक करून ऐकत राहायचे. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं बोलणं मी सलग ऐकलं."

धाकटीनं खुर्चीचे हात धरले.

"परीक्षेत घाबरला म्हणे," बाई पुन्हा दोरा गुंडाळत म्हणाल्या. "मी म्हटलं, वेड्या, घाबरायचं काय त्यात, शेजारी ती होती ना? त्यावर काही बोलला नाही. आता त्या भाषेतही अडकतो. परवा मी म्हटलं, एकदा भांड की माझ्याशी. प्रयत्न केला त्यानं. मग उठून गेला." त्यांनी दोरा बोटांवर ताणून धरला. "तुझं ऐकेल तो. जायच्या आधी एकदा बोलशील त्याच्याशी? मागंच आहे, टॉवेल वाळत घालतोय. हाक मारू?"

"नको," धाकटी चटकन म्हणाली. "म्हणजे, आत्ता गडबड आहे. मी फोन करीन."

"नक्की हं?"

"नक्की."

"गुणाची गं बाई," पार्लरवाल्या बाई म्हणाल्या आणि तिच्या कपाळावर गार पाण्याचा बोळा फिरवला. मागच्या बाजूला कुणीतरी टॉवेल झटकत होतं. धाकटीनं ओढणी सारखी केली आणि आरशात पाहिलं. दोन्ही भुवया अगदी रेखीव आल्या होत्या. तिनं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि पुढच्या दारानं भराभर बाहेर पडली.